खुबा नवा, वय तरुण

प्रतिनिधी, पनवेल

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घरातली आजी उभी राहते. न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आजी वॉकर धरून घरातल्या घरात फिरू लागली. हे चित्र खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे. तिशी-पस्तिशीतल्या, क्वचित विशीतल्याही स्त्री-पुरुषांवर हीच शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यांचे प्रश्न आजीच्या प्रश्नांहून फार निराळे असतात. आजीला पुन्हा चालता येईल का, एवढेच विचारायचे असते. पस्तिशीतल्या रुग्णाला सकाळची लोकल गाठायची असते, मुलाला कडेवर घ्यायचे असते, स्कूटर चालवायची असते, पंगतीला मांडी घालून बसायचे असते आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर कर्नाळ्याला जायचे असते. या सगळ्यांच्या मागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे हा सांधा किती वर्षे टिकेल? पंच्याहत्तराव्या वर्षी बसवलेला सांधा बहुधा माणसाला जन्मभर पुरतो. पस्तिसाव्या वर्षी बसवलेल्या सांध्याला पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. तरुण रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे जवळजवळ सर्व निर्णय या एका फरकातून निघतात.

तरुणपणी खुबा का निकामी होतो?

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे गोल टोक बसलेले असते. दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. उतारवयात हे अस्तर झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. तरुणांत बहुधा तसे घडत नाही. त्यांच्यात अनेकदा आधी त्या गोलाचे हाडच मरते. गोलाला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात व हाडाच्या मानेला बिलगून वर चढतात. त्या तुटल्या किंवा तुंबल्या, की गोलाचे हाड उपाशी पडते, हळूहळू ठिसूळ होते आणि शरीराच्या भाराखाली अंड्याच्या कवचासारखे दबते. डॉक्टर याला ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात; रुग्णांच्या बोलण्यात ते ‘एव्हीएन’ होते.

अपघात हे त्याचे एक मोठे कारण आहे आणि पनवेलकरांना ते वेगळे सांगायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पळस्पे फाट्यावरून कोकणात वळतो, जुना पुणे रस्ता शहराला खेटून जातो आणि उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग दिवसरात्र चालू असते. मोटारीची समोरून धडक झाली, की पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो आणि त्या धक्क्याने मांडीच्या हाडाचा गोल मागच्या बाजूने उखळीबाहेर निसटतो. असा निखळलेला खुबा शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवावा, असे अस्थिरोगशास्त्र सांगते. जितका उशीर, तितका गोल मरण्याचा धोका जास्त. गुडघ्याला खरचटले आहे आणि पाय आखडून आत वळला आहे एवढेच बघ्यांना दिसते. खुबा निखळला असेल हे लक्षात येत नाही. अशा जखमीला ओढून रिक्षात कोंबण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे केव्हाही चांगले.

अमेरिकेचा बो जॅक्सन हा बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल असे दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळणारा विलक्षण खेळाडू. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात त्याचा खुबा असाच निखळला, पुढे गोलाचे हाड मेले आणि १९९२ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला. एप्रिल १९९३ मध्ये तो बेसबॉलच्या मैदानात परतला आणि फलंदाजीच्या पहिल्याच संधीत त्याने ‘होम रन’ मारला. तरुणपणी खुबा बदललेल्यांना ही कथा नेहमी ऐकवली जाते. त्याचा फुटबॉल मात्र कायमचा सुटला आणि बेसबॉलही १९९४च्या हंगामानंतर थांबला, हा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही.

दुसरे कारण स्टेरॉईडचे. दमा, त्वचारोग, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार यांत ही औषधे जीव वाचवतात, पण मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतल्यास खुब्याचा रक्तपुरवठा बिघडवू शकतात. करोनाच्या साथीने हा धोका एकदम उजेडात आणला. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात करोनातून बरे झालेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आजारात दिलेल्या स्टेरॉईडची सरासरी एकूण मात्रा ७५८ मिलिग्रॅम होती. एव्हीएन होण्यासाठी साधारण दोन हजार मिलिग्रॅम मात्रा लागते, असा तोवरचा समज होता. शिवाय दुखणे सुरू व्हायला एरवी सहा महिने ते वर्ष लागते, ते येथे दोन महिन्यांच्या आसपास सुरू झाले. या नोंदीतली दिलासा देणारी बाब अशी, की निदान लवकर झाल्याने त्या रुग्णांवर हाडे टिकवणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांनी उपचार करता आले. गोल दबण्यापूर्वी रोग सापडला, तर औषधे किंवा हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करणारी छोटी शस्त्रक्रिया यांचा विचार होऊ शकतो. गोल दबल्यावर हे मार्ग बंद होत जातात.

अतिमद्यपान हेही एक कारण. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल आजार अनेक तरुणांचे खुबे निकामी करतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या संधिवातात विशी-तिशीतल्यांचा कणा आणि खुबे आखडतात. बालपणी झालेला पर्थेस आजार, जन्मतः उथळ असलेली उखळ आणि खुब्याचा क्षयरोग यांचे परिणामही तारुण्यात समोर येतात. कधी कारण सापडतच नाही.

निदानाला उशीर होतो तो दुखण्याच्या जागेमुळे. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते आणि कित्येकदा थेट गुडघ्यात. रुग्ण गुडघ्याला मलम चोळत राहतो, गुडघ्याचा क्ष-किरण काढतो, तो चांगला येतो आणि महिने निघून जातात. खुब्याचा साधा क्ष-किरणही सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो. एमआरआय तपासणीत मात्र रोग लवकर पकडला जातो. जांघेत सतत दुखत असेल, पाय आत वळवताना कळ येत असेल आणि मागे कधी स्टेरॉईड घेतली असतील किंवा खुब्याला मार बसला असेल, तर ही माहिती डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी.

वृद्धांसाठीची शस्त्रक्रिया तरुणांपर्यंत

आजच्या सांधेरोपणाचे श्रेय इंग्लंडचे सर जॉन चार्नली यांना जाते. रायटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांनी पोलादी गोल, प्लॅस्टिकची वाटी आणि दंतवैद्यकातून घेतलेले ॲक्रिलिक सिमेंट यांचा मेळ घातला. आधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले. १९६२च्या अखेरीस पॉलिएथिलिनची वाटी आली आणि शस्त्रक्रिया स्थिरावली. मुंबईत डॉ. के. टी. ढोलकिया यांच्या पिढीने ती रुजवली. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने २००७ मध्ये तिला शतकाची शस्त्रक्रिया म्हटले. आपल्याकडे सांधेरोपण हा शब्द घरोघरी पोहोचला तो पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा. मात्र तो गुडघ्याच्या आणि वार्धक्याच्या अर्थाने पोहोचला. पस्तिशीत खुबा बदलावा लागला म्हटले, की नातेवाईक आजही दबक्या आवाजात ‘इतक्या लवकर?’ असे विचारतात.

या विचारण्याला एके काळी वैद्यकीय आधार होता. प्लॅस्टिकची वाटी झिजे, तिच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड विरघळे आणि सांधा सैल होई. म्हणून शस्त्रक्रिया जमेल तेवढी पुढे ढकलावी, असा सल्ला दिला जाई. तरुण माणूस वेदनाशामक गोळ्या घेत, लंगडत, नोकरी गमावत उमेदीची दहा वर्षे काढी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अधिक चिवट, ‘क्रॉस-लिंक्ड’ पॉलिएथिलिन आले. चिनी मातीच्या जातकुळीतील सिरॅमिकचे गोल सुधारले. खरे तर फ्रान्समध्ये पिएर बूतँ यांनी ते १९७० मध्येच वापरले होते. हाड स्वतःच ज्यात वाढून घट्ट धरते अशा, सिमेंटविना बसणाऱ्या दांड्या आल्या. तरुणांच्या बाबतीत आज सहसा सिमेंटविना बसणारा सांधा आणि सिरॅमिकचा गोल यांचा विचार होतो. केवळ वय कमी म्हणून शस्त्रक्रिया टाळली जात नाही. झोप उडवणारी वेदना, चालण्यावर आलेली मर्यादा आणि क्ष-किरणात दबलेला गोल यांचे पारडे आता अधिक जड धरले जाते.

टिकाऊपणाचे आकडे मात्र नीट समजून घ्यायला हवेत. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बसवलेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. याच नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात वयानुसार हिशेब मांडलेला आहे. सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता साधारण पाच टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. तिशीतल्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा. हे आकडे जुन्या काळी बसवलेल्या सांध्यांचे आहेत आणि नव्या वाट्या अधिक टिकतील अशी चिन्हे आहेत. तरीही ‘जन्माची काळजी मिटली’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवर तरुण रुग्णाने विश्वास ठेवू नये.

पहिले तीन महिने

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे केले जाते. जुनी वेदना गेलेली असते, ताजी वेदना औषधांनी दबलेली असते आणि तरुण माणसाला वाटते, आपण बरे झालो. खरी अडचण येथेच सुरू होते. वृद्धांना चालायला लावावे लागते. तरुणांना आवरावे लागते. सांध्याभोवती कापलेले, बाजूला सारलेले स्नायू आणि आवरण भरून यायला आठवडे लागतात आणि सांधा निखळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो.

शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर या काळात तीन गोष्टी टाळायच्या: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे. खाली पडलेली चप्पल उचलताना या तिन्ही चुका एकाच वेळी होऊ शकतात. पुढच्या बाजूने झालेल्या शस्त्रक्रियेचे नियम वेगळे असतात. तेथे पाय मागे ताणणे आणि बाहेर वळवणे जपावे लागते. म्हणून शेजाऱ्याला सांगितलेले नियम आपल्याला लावू नयेत. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी, उंच खुर्ची, संडासात उंच कमोड, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, एवढी तयारी घरच्यांनी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच करून ठेवावी. काठी ज्या बाजूला शस्त्रक्रिया झाली तिच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे सांगूनही बहुतेकजण चुकतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. त्या वेळी उद्याची वाट पाहू नये.

चालीतील लंगडणे जाण्यास लागणारा काळ रुग्णांना सर्वांत जास्त छळतो. कितीतरी महिने किंवा वर्षे दुखणारा पाय आपण वापरलेला नसतो. नितंबाच्या बाजूचे स्नायू, जे एका पायावर उभे असताना कंबर समतोल ठेवतात, ते सुकलेले असतात. सांधा तासाभरात बदलता येतो, स्नायू नाही. कुशीवर झोपून पाय वर उचलणे, उभे राहून पाय बाजूला नेणे, पुढे एका पायावर तोल सावरणे असे कंटाळवाणे व्यायाम सहा महिने, कधी वर्षभर करावे लागतात. घरी परतल्यावर फिजिओथेरपी सर्वांत आधी बंद पडते, कारण दुखत नसते आणि प्रत्येक वेळी पैसे लागतात. पुढे वर्षभराने जे लंगडतात, त्यांतल्या अनेकांच्या सांध्यात काहीच दोष नसतो. स्नायू मात्र दुबळे राहिलेले असतात. काहींना पाय लांब झाल्यासारखे वाटते. पुष्कळदा तो आखडलेल्या स्नायूंचा भास असतो आणि काही महिन्यांत जातो. खरोखर फरक असेल तर बुटात पातळ तळवा घालून काम भागते.

टेबलावरचे काम असेल, तर साधारण चार ते सहा आठवड्यांत ते सुरू करता येते. पनवेलहून मुंबईला हार्बर मार्गाने जाणाऱ्याने मात्र आणखी थोडे थांबावे; सव्वा तासाहून अधिक उभ्याचा प्रवास, पुलाचे जिने आणि उतरताना मागून येणारा लोंढा यांची गणना कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही. मोटार साधारण सहा आठवड्यांनी चालवता येते. दुचाकीला त्याहून अधिक काळ द्यावा. पाय फिरवून बसणे, खड्ड्यात गाडी तिरपी झाली की एका पायावर तोलणे आणि मधल्या स्टँडवर चढवणे हे सारे नव्या खुब्याला कठीण जाते. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातील माथाडी किंवा उंच केबिनमध्ये दिवसातून दहा वेळा चढणारा ट्रेलरचालक यांच्यापुढे प्रश्न अधिक अवघड असतो. ओझी उचलण्याच्या जुन्या कामावर परतणे बहुधा योग्य नसते आणि हलके काम मिळेलच असे नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी मालकाशी किंवा मुकादमाशी याविषयी बोलून घ्यावे.

मांडी, उकिडवे आणि देशी संडास

खुब्याचे कृत्रिम सांधे ज्या देशांत घडले, तेथे माणसे खुर्चीवर बसतात. आपले अर्धे आयुष्य जमिनीवर जाते. जेवण, पूजा, सत्यनारायण, गणपतीत मोदक वळणे, भजन, लहान मुलाशी खेळणे, शेतातली लावणी, नमाज, सारे जमिनीपाशी. ‘खाली बसायचे नाही’ हे तीन शब्दांचे पथ्य परदेशी पुस्तकातून सरळ उचलले, तर आपल्या रुग्णाला ते घरातून हद्दपार केल्यासारखे वाटते. गावाकडचा संडास देशी असेल, तर तो लग्नाकार्याला जाणेच टाळू लागतो.

मांडी घालणे आणि उकिडवे बसणे या दोन गोष्टी सांध्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. मांडी घालताना खुबा वाकतो, पण गुडघे बाहेर पडतात आणि मांडी बाहेरच्या बाजूला वळते. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्या सांध्यासाठी ही स्थिती तुलनेने कमी धोक्याची आहे. उकिडवे बसताना खुबा अगदी टोकापर्यंत वाकतो, वाटीची कड आणि दांडीची मान एकमेकींवर टेकू शकतात आणि गोल मागून निसटू शकतो. उठताना तोल गेला तर अधिकच. सर्वांत वाईट बैठक म्हणजे दोन्ही गुडघे एका बाजूला वळवून बसण्याची, जी आपल्या अनेक स्त्रियांची सवयीची बैठक आहे. तीत एका बाजूचा खुबा आत वळतो.

अनेक भारतीय शल्यचिकित्सक तीन-चार महिन्यांनंतर, सांधा स्थिर असल्याची खात्री करून, निवडक रुग्णांना मांडी घालू देतात. त्यासाठी मोठ्या व्यासाचा गोल किंवा ‘ड्युअल मोबिलिटी’ प्रकारचा सांधा उपयोगी ठरतो. या प्रकारात छोटा गोल प्लॅस्टिकच्या मोठ्या गोलात आणि तो पुन्हा वाटीत फिरतो. हालचालीला वाव वाढतो आणि निखळण्याची शक्यता घटते. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात झिल बुस्के यांनी तो मांडला. मात्र हे शस्त्रक्रियेनंतर विचारून उपयोग नाही. आपण घरी कसे बसतो, संडास कोणता आहे, पूजा किंवा नमाज कसा करतो, शेती आहे का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे. सांध्याची निवड त्यावर अवलंबून असू शकते. विचारायला लाज वाटते म्हणून अनेकजण गप्प बसतात आणि पुढे जन्मभर अंदाजाने पथ्य पाळतात.

तीच गोष्ट वैवाहिक आयुष्याची. शारीरिक संबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, खुब्यावर ताण न येणाऱ्या स्थितीत सुरू करता येतात. फिजिओथेरपिस्टला विचारल्यास तो त्या स्थिती सांगू शकतो. तरुण स्त्रीला कृत्रिम खुबा असताना गर्भारपण आणि नैसर्गिक प्रसूती दोन्ही शक्य असतात. प्रसूतितज्ज्ञांना सुरुवातीलाच कल्पना द्यावी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी पाय किती फाकवायचे याची काळजी घेतली जाते. ‘सांधा बदललेली मुलगी’ म्हणून स्थळे नाकारणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही. धातूच्या गोलावर धातूची वाटी हा प्रकार मात्र मूल होऊ द्यायचे असलेल्या स्त्रियांत टाळतात, कारण त्यातून रक्तात उतरणारे धातूचे अंश वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतात.

पावलांचा हिशेब

सांधा झिजतो तो वर्षांनी नव्हे, पावलांनी. दिवसाला पाच हजार पावले धरली, तर एका पायाच्या वाट्याला अडीच हजार; वर्षाला नऊ लाखांहून अधिक. बर्लिनच्या संशोधकांनी मापक बसवलेले सांधे रुग्णांत घालून प्रत्यक्ष भार मोजला, तेव्हा साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो असे दिसले. धावताना तो बराच वाढतो आणि अडखळून तोल सावरताना आठपटीच्या घरात जाऊ शकतो. वजन पाच किलोंनी घटले, तर दर पावलाला खुब्यावरचा भार सुमारे बारा किलोंनी कमी होतो. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

याचा अर्थ घरी बसावे असा नाही. चालणे, पोहणे, सायकल, डोंगरवाटा, बॅडमिंटन किंवा टेनिसचा दुहेरीतला सौम्य डाव यांना डॉक्टर सहसा तीन ते सहा महिन्यांनंतर परवानगी देतात; हाडे आणि स्नायू बळकट राहण्यासाठी ते आवश्यकच आहे. पळणे, फुटबॉल, कबड्डी, उड्या मारणे यांविषयी सल्ला सावध असतो. योगासनांत पद्मासन, मालासन, वज्रासनातून मागे झुकण्याचे प्रकार विचारल्याशिवाय करू नयेत आणि वर्गातील शिक्षकाला शस्त्रक्रियेविषयी आधी सांगावे.

ब्रिटनचा टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, खुब्यावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली. पुढे तो २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत खेळला. त्याची शस्त्रक्रिया मात्र ‘रिसरफेसिंग’ प्रकारची होती. तीत गोल कापून टाकत नाहीत. त्यावर धातूची टोपी बसवतात. ती सर्वांना चालत नाही. गोलाचे बरेचसे हाड मेलेले असेल, तर टोपी धरणार कशाला? मरेचे छायाचित्र दाखवून कोणी तशी शस्त्रक्रिया सुचवत असेल, तर हा प्रश्न अवश्य विचारावा.

पनवेलच्या डोंगरवेड्या तरुणांचा प्रश्न वेगळा असतो. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यातील सपाट वाट सहा महिन्यांनी बहुतेकांना झेपते. किल्ल्याची चढण त्यानंतर, सुक्या दिवसांत, हातात काठी घेऊन. प्रबळगडाशेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्या मात्र निराळ्या जातीच्या आहेत. चढताना दमछाक होते, पण धोका उतरताना असतो; शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला, तर कृत्रिम दांडीभोवतीचे हाड तडकू शकते आणि ते जोडणे साध्या अस्थिभंगापेक्षा फार अवघड असते. पावसाळ्यातला कलावंतीण कृत्रिम खुबा असलेल्याने सोडून द्यावा, असे या प्रतिनिधीचे मत आहे.

पेटीवरचे स्टिकर

तरुण रुग्णाने जपून ठेवायची सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे सांध्याच्या पेटीवरील स्टिकर. त्यावर कंपनी, नमुना, आकार आणि बॅच क्रमांक असतो. त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे एका प्रकरणाने देशाला शिकवले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिपॉय कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू प्रकारचा खुबा, तरुण आणि सक्रिय रुग्णांसाठी योग्य म्हणून, जगभर सुमारे ९३ हजार जणांना बसवला गेला. ब्रिटनच्या सांधेनोंदणीत पाच वर्षांतच त्यांतील १२ ते १३ टक्के सांधे बदलावे लागल्याचे दिसले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. अनेक रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियमचे अंश वाढले, सांध्याभोवतीच्या ऊती सडल्या, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये वय व अपंगत्वाचे प्रमाण पाहून ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र मान्य केले. मात्र सांधा बसवलेल्या कित्येकांचा मागच लागला नाही. आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचा सांधा आहे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नव्हते.

तेव्हापासून नियम बदलले. वैद्यकीय उपकरणांतील दोष नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला होता. जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांची स्वतंत्र नियमावली लागू झाली. रुग्णाने आपल्यापुरते एवढे करावे: स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवले आहे का ते घरी निघण्यापूर्वी पाहावे, त्याची छायाप्रत काढावी आणि मोबाइलमध्ये छायाचित्र ठेवावे. पंचवीस वर्षांनी दुसरा शल्यचिकित्सक गोल किंवा वाटी बदलू लागेल, तेव्हा जुन्या दांडीशी जुळणारा भाग कोणता हे त्याला त्यावरूनच कळेल.

खर्चाविषयी थोडे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. खुब्याला ती त्या वेळी लावली गेली नाही. म्हणून सांध्याचा नमुना आणि त्याची किंमत अंदाजपत्रकात स्वतंत्र मागून घ्यावी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. हीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात, हे तेथील आरोग्यमित्र सांगतो. रेशनकार्ड बरोबर न्यावे.

पुढील तपासण्यांसाठी पहिल्या वर्षानंतरही ठरावीक काळाने क्ष-किरण काढावा लागतो, दुखत नसले तरी. वाटी झिजल्याने हाड विरघळू लागते तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा पुष्कळ हाड गेलेले असते आणि दुसरी शस्त्रक्रिया मोठी होते. वेळीच लक्षात आले, तर कधीकधी नुसते अस्तर आणि गोल बदलून भागते. चालायला सुरुवात करताना मांडीत कळ येणे, सांध्यातून आवाज येणे, नव्याने लंगडणे, खुब्यापाशी ऊब किंवा स्राव ही तातडीने दाखवण्याची लक्षणे आहेत. दात काढताना किंवा अंगावर गळू झाल्यास कृत्रिम सांध्याची माहिती डॉक्टरांना द्यावी, कारण जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. विमानतळावर धातुशोधक वाजला, तर सुरक्षा कर्मचाऱ्याला सांगावे. हाताने तपासणी होते, एवढेच. क्ष-किरणाला जाताना मात्र मागच्या सर्व वर्षांच्या प्रती बरोबर न्याव्यात. एका चित्रावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. दांडी तसूभर खाली सरकली आहे की नाही, हे जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवल्यावरच दिसते.